पकड पाहणारे साहेब

अकोल्यात आमच्या बागेत एक रिटायर साहेब यायचे. म्हातारपणी हाताची पकड सैल झाली की मरण लवकर येतं, असं त्यांनी कुठंसं वाचलेलं. झालं! दिसेल त्याच्यापुढं हात करायचा, "दाबा" म्हणायचं, अन् लगेच निकाल द्यायचा. मलेही म्हणाले, "बाई, तुमचं काही खरं नाही." जन्मभर रोडग्यांची कणीक मळलेला हात माझा!

परवा बागेत तपासणीचं शिबिर लागलं. पकड मोजायचं यंत्र मी कचकचून दाबलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "वा, आजी!" मग मी साहेबांना पुढं बोलावलं, तर त्यांनी हात खिशात घातला.

"काहून, साहेब?"

"राहू द्या बाई," ते हळूच म्हणाले. "चहाचा कप सुटून राहिला हातातून."

आमची मरणं सांगताना मात्र आवाज साऱ्या बागेत जायचा.