पाळण्यावरचं इंद्रजाल

दोडामार्गच्या माहेराहून लेकीला घेऊन मालवणला आले, तेव्हा पाळणा तयार होता. त्यावर इंद्रजाल टांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्यावाचून सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आधी दोनदा माझी कूस रिकामी झाली होती. आता या नातीला कुणाची दृष्ट लागेल, या धास्तीने त्या शेजारणींनाही तिचं तोंड दाखवत नव्हत्या.

इंद्रजाल म्हणजे समुद्रातलं काळं, जाळीदार झाड. घरात टांगलं की नजर लागत नाही, असं सगळे समजतात. मीही समजत होते. काजूच्या बागेत वाढलेल्या बाईला समुद्राचं काय कळणार! पर्यटक आठवण म्हणून हौसेने नेतात, बंदी असली तरी कुठेतरी हळूच मिळतं. पण सासूबाईंना विकतचं नको होतं. माझा नवरा पर्यटकांना पाण्याखाली फिरवतो. त्यानेच ताजं आणावं, असा त्यांचा हट्ट.

तो रोज ‘बघतो’ म्हणायचा आणि हात हलवत परत यायचा. आईला नाही म्हणायची त्याची छाती नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. शेवटी त्या रडल्या. बापालाच पोरीची काळजी नाही, म्हणाल्या. तेव्हा त्याने त्यांच्याजवळ बसून मोबाइलवर पाण्याखालचा व्हिडिओ लावला. काळ्या फांद्यांवर तांदळाच्या कणीएवढे जीव उमलले होते, वाहत येईल ते टिपून खात होते.

“आये, ह्यां झाड नाय, पोवळां आसा. ह्ये सगळे जिते आसत. उपटलां की मरतत.”

सासूबाईंनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांच्या मांडीवर माझी लेक दूध पिऊन झाल्यावरही तोंडाची उघडझाप करत होती.

“ह्येंका तोंडां आसत?” त्यांनी विचारलं.

तिन्हीसांजेला त्यांनी मीठ-मिरच्यांची मूठ नातीवरून उतरवून मागच्या चुलीत टाकली. ठसका लागला की दृष्ट नाही, असं आमच्याकडे मानतात. आम्ही खोकून खोकून बेजार झालो आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी दुसरी मूठ भरली आणि मुलाला तो व्हिडिओ परत लावायला सांगितलं.

“ह्येंकाच लोकांची नजर लागली आसा,” म्हणत त्यांनी ती मूठ मोबाइलवरून उतरवली. मला त्यांची इतकी माया वाटली, की हसायचं राहूनच गेलं.

मूठ निखाऱ्यांवर पडली. मिरच्या काळ्या पडेपर्यंत आम्ही तिघं ठसक्याची वाट बघत उभे राहिलो. तो लागलाच नाही.