भिंतीकडे तोंड करून

आमच्या हुतूतू संघाचा सामना सुरू झाला की बाबा मैदानाकडे पाठ करून बसत. एकटे बाबाच नव्हेत, डोंबिवलीहून आलेले आमचे सगळेच लोक. कल्याणच्या त्या मैदानाच्या पूर्वेला एक उंच दगडी भिंत होती. तिच्याकडे तोंड करून तीसेक कर्ते पुरुष ओळीने मांडी घालून बसायचे आणि सामना त्यांच्या पाठीमागे चालायचा. नवखा माणूस ते पाहून आधी हसायचा. थोड्या वेळाने त्याचं हसू आपोआप थांबायचं आणि तो जरा लांब जाऊन उभा राहायचा.

आमच्या आळीतल्या तालमीचा हा संघ मला समजायला लागल्यापासून हरतच होता. ढाल सोडाच, पहिल्या फेरीच्या पुढे जाणंही त्याच्या नशिबी नव्हतं. तरी कोणी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला तर बाबा त्या माणसाशी महिना महिना बोलत नसत. एरवी अंगारेधुपारे करणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करणारा हा माणूस. पण एका वर्षी वहाणेतला खडा काढायला ते मागे वळले आणि तेवढ्यात आमचा गडी तिघांना मारून परत आला. झालं! पुढच्या सामन्याला बाबा पाठ फिरवून बसले, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारचे दोघे, आणि मग सगळेच. आपल्याच बघण्याने संघ हरतो, असं प्रत्येकाला मनातून आधीच वाटत असावं. हरणं काही थांबलं नाही, पण परत मैदानाकडे तोंड करायची छाती कोणाची झाली नाही.

बघायची परवानगी मला एकटीला होती. लहान मुलाची दृष्ट लागत नाही असं ओळीत ठरलं होतं आणि ओळीत मूल मी एकटीच. मी बाबांच्या शेजारी, पण उलटं तोंड करून बसायची आणि हलक्या आवाजात सांगायची, "रेघ ओलांडली. कोपऱ्यात गेला. धरला, बाबा." समोरून खेळणाऱ्याचा दम ऐकू यायचा, हुतूतूतूतू, आधी भरदार, मग बारीक, मग एकदम तुटायचा. तो तुटला की तीसही पाठी जराशा पुढे वाकायच्या. मला त्याची भीती वाटायची, आणि खरं सांगते, त्या भीतीसकट ते मला फार आवडायचं. बाबा वर्षभरात एवढ्या जवळ दुसरीकडे कुठे बसू द्यायचे?

ऊन उतरलं की खेळणाऱ्यांच्या सावल्या लांब होत होत ओळीवरून सरकून भिंतीवर चढायच्या. मग सगळे डोळे मिटून घेत, कारण सावली बघणं म्हणजेही बघणंच.

दहाव्या वर्षी मला गोवर आला. सामन्यांच्या दिवसांत मी कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होते. आणि आमचा संघ पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला, ढाल घेऊन आला. बाहेर ताशे वाजत होते. बाबा गुलालाने माखलेले दारात आले, पण आत आले नाहीत.

"तुम्हाला कोणी सांगितलं, काय चाललंय ते?" मी विचारलं.

"कोणीच नाही," बाबा म्हणाले. "यंदा कोणीच बघत नव्हतं."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मग गुलाल धुवायला मोरीकडे गेले. त्या रात्री मला तापापेक्षा त्यांच्या त्या नजरेने थंडी भरली.

पुढच्या वर्षी मी परकर-पोलका घालून तयार झाले तर म्हणाले, "तू घरीच राहा." आई पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच ती बाहेर आली.

"अहो, स्वतःच्या पोरीला पांढऱ्या पायाची ठरवताय? त्या टोणग्यांना खेळता येत नाही, त्यात हिचा काय दोष?"

बाबांनी वहाणा घातल्या आणि गेले. मी रडून रडून दमले आणि झोपून गेले, ती थेट दिवेलागणीला उठले. तेव्हा बाबा ठाकुर्लीवरून रुळांच्या कडेने चालत परत आलेले, पायांवर धूळ. त्यांचा चेहरा बघूनच कळलं, पहिल्याच फेरीत गेले.

ते माझ्यासमोर बसले. आवाज अगदी मऊ होता. "खरं सांग हं. दुपारी तिकडचं काही मनात आणलं होतंस?"

मी गाढ झोपले होते. स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं. पण ते इतक्या आशेने बघत होते, की मी "हो" म्हणाले.

"वाटलंच मला," बाबा म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. संघाचा दोष नव्हता, एवढं त्यांना पुरलं. मला राग यायला हवा होता. आज येतो. तेव्हा नुसतं बरं वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी मला परत नेलं, मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचं या अटीवर. आता सांगणारं कोणी नव्हतं. ऊन उतरलं. बाबा म्हणाले, "मीट." ओळीतले सगळे डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. भिंतीवर आमच्या मुंडक्यांच्या सावल्या निमूट बसल्या होत्या. त्यांच्यावरून आमच्या शेवटच्या गड्याची सावली पळत आली, उंच, बारीक. तिच्या कमरेला मागून कितीतरी हात चिकटले. ती आडवी झाली. तिने हात लांब केला, आणखी लांब केला, आणि बाबांच्या डोक्याच्या सावलीपाशी तो थांबला. मागे दम तुटला. पंचांची शिट्टी वाजली.

बाबांनी डोळे न उघडताच माझा हात घट्ट धरला.

"मिटले होतेस ना गं?"

"हो," मी म्हणाले.

बाबांनी जन्मात पुन्हा ढाल पाहिली नाही. ते शेवटचे अंथरुणावर होते तेव्हाही, मी डोळे मिटले नव्हते, हे त्यांना सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.