कापूर तुळस

ताईच्या शेजारणीचा सकाळी फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गॅस?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "नाही हो, झोपेतच गेल्या..." त्याला आता काही आठवडे उलटले. एका तापानंतर माझ्या थोरल्या बहिणीला कसलाच वास येईनासा झाला होता. भिंगारला ती एकटी राहायची. शेगडी चुकून उघडी राहिली तर हिला कळणार कसं, या धास्तीनं मी कित्येक वर्षं नीट झोपले नाही.

आणि ही बाई वासाच्याच विषयातली! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. गवती चहाला लिंबाचा वास सिट्रालमुळे, तुळशीला लवंगेची झाक युजेनॉलमुळे, हे ती भाजी फोडणीला टाकता टाकता सांगायची. वास गेला तरी तिनं विषय सोडला नाही. तेल यंत्रात घातलं की कागदावर एकेका घटकाचा उंचवटा उमटतो. "आता मी डोळ्यांनी वास घेते," असं म्हणायची.

निवृत्तीनंतर खर्ड्याच्या शांताबाई या मैत्रिणीच्या शेतात दोघींनी तुळस लावली, वाफेवर तेल काढलं. एक बाटली शांताबाईंकडे राहिली, थोडं तेल ताईनं तपासायला दिलं. निकाल आला त्या दिवशी मी तिच्याकडेच होते. कागद पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"अगं, रोपं चुकीची आली. ही कापूर तुळस आहे. निम्म्याहून जास्त कापूरच..."

"मग बिघडलं काय?"

"शांताच्या घरी तान्हं बाळ आहे!"

इतका कापूर तान्ह्या अंगाला लागला तर झटके येतात, श्वास अडतो. शांताबाईंचा फोन लागेना. मी गाडी काढली. आष्टी गेलं, जामखेड गेलं, ताई फोन लावतच होती. मधूनच पुटपुटायची, "मला नुसता वास आला असता तर..."

शांताबाई नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. "कापरावानी वास येतोय, म्हनलं सर्दीला लई बेस. सकाळी छातीला चोळलं. तवापासनं पोरगं निपचित हाय गं..."

ताईनं साबणाच्या पाण्यानं बाळाची छाती पुसली आणि आम्ही तसेच मागे फिरून जामखेडच्या दवाखान्यात गेलो. दुपारभर तिची नजर त्या इवल्या छातीवरून हलली नाही. संध्याकाळी बाळानं टाहो फोडला. शांताबाई रडता रडता हसल्या. ताई मात्र भिंतीला टेकून खालीच बसली.

"चूक माझी हाय," शांताबाई म्हणाल्या.

"नाही गं. न तपासता बाटली मी ठेवली."

पुढं कुणी तेल मागितलं की ती आधी विचारायची, घरात लहान कोण आहे? लोक हसायचे. मीही हसायचे. ते बाळ आता शाळेत जातं. ताईच्या दहाव्याला आजीचं बोट धरून आलं होतं.

परवा तिचं घर आवरायला घेतलं. स्टुलावर चढून माळ्याखालचं कपाट उघडलं, तर आत तेलाच्या बाटल्या, प्रत्येकीचं बूच मेणानं बंद केलेलं. त्या घरात लहान मूल कधीच राहिलं नव्हतं, तरी कपाटाला कुलूप होतं. बाटल्यांचं काय करावं, सुचेना. मोरीत ओतवेना, कुणाला देववेना... शेवटी होत्या तशाच ठेवल्या, कुलूप घातलं. जिना उतरले, आणि निम्म्यातून परत वर जाऊन ते ओढून पाहिलं.