हजेरीची सावड

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, मुरबाडच्या एका वसतिगृहात सात नंबरच्या खोलीत राहणाऱ्या चार तरुणांपैकी एकालाही स्वतःचा बनियन ओळखता येत नव्हता. ही शोचनीय अवस्था एका माणसामुळे ओढवली होती. त्याचं कागदोपत्री नाव भारदस्त होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीत राहायचं. आमच्यासाठी तो सावड्या.

तो शेणव्याच्याही पुढच्या, डोंगराला पाठ टेकून बसलेल्या एका गावातला. त्यांच्याकडे भाताची लावणी सावडीने व्हायची. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही; ज्याने आपल्या चिखलात पाय घातले त्याच्या चिखलात आपण जायचं, एवढंच. पद्धत चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण चांगल्या पद्धती गावातच ठेवून यायच्या असतात. हा गृहस्थ ती पत्र्याच्या ट्रंकेत घालून कॉलेजात घेऊन आला.

मी वाशिंदचा. वडील कारखान्यात, घराला गच्ची, त्यामुळे मी स्वतःला शहरातला समजत असे. पहिल्याच दिवशी मी माझी बादली साखळीने खाटेला बांधली आणि कुलूप लावलं. सावड्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ ते दृश्य बघत राहिला.

"पलून जाती का रे तुजी बादली?"

"चोरीला जाते," मी म्हणालो.

"आमी तिघंच तर हाव. चोरली तर तीनच नावं. शोधाया किती टाइम लागंल?"

खोलीतले बाकीचे दोघे हसले. त्यांतला एक शेट. शहापूरला त्यांचं किराणा दुकान होतं आणि तो वसतिगृहातही गल्ल्यावर बसल्यासारखाच बसायचा. दुसरा मास्तर. तो मोठ्याने वाचल्याशिवाय अभ्यास करू शकत नसे आणि मोठ्याने वाचूनही त्याला काही आठवत नसे.

आठवड्याभरात सावड सुरू झाली. एक दिवस एकाने चौघांचे कपडे धुवायचे. सकाळी एकानेच नळावर चार बादल्या घेऊन उभं राहायचं, तोवर तिघांनी झोपायचं. माझं कुलूप गंजलं, कारण किल्ली फिरवायला बादली जाग्यावर नसायचीच. सावड्या घरून नाचणीची भाकरी आणि सुकट आणायचा. शेटच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात चालत नसे, त्यामुळे सुकटीचा डबा खोलीबाहेर, अंगणातल्या दगडावर बसून खायचा, असा ठराव झाला. पावसाळ्यात हा दगडावर बसून सुकट खातोय आणि मागे शेट एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने त्याच्यावर छत्री धरून उभा आहे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. कारण विचारलं तर शेट म्हणायचा, "काल त्याने माझ्या चादरी धुतल्या."

सावड्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सावड बाकी हाय." पानाला चुना मागितल्यासारखं तो ते प्रेमाने म्हणे आणि माणूस निमूट उठून कामाला लागे. मला ताप आला तेव्हा तो दोन दिवस उशाशी बसून होता. बरा झाल्यावर मी त्याचे आभार मानले. त्याने ते हाताने उडवून लावले. "मी आजारी पडंन तवा ये. नाय पडलो तर तुजं नशीब."

कळस म्हणजे भांडणाची सावड. शेट आणि माझं दिव्यावरून वाजलं. त्याला अंधार हवा, मला उजेड. सावड्याने निकाल दिला की ज्याचं भांडण त्याने करायचं नाही, कारण त्याला राग आलेला असतो. माझ्या बाजूने तो भांडणार, शेटच्या बाजूने मास्तर. आम्ही दोघे खाटेवर बसून बघू लागलो. मास्तर म्हणाला, "माझ्या पक्षकाराला डोळ्यांवर उजेड येतो." सावड्या म्हणाला, "येत असंल." मास्तर म्हणाला, "मग?" सावड्या म्हणाला, "मंग काय, त्याचं बराबर हाय." आपली बाजू इतकी नेभळट मांडली जाताना पाहून मी इतका संतापलो की शेटच मला समजावू लागला. दिवा कुणी बंद केला, ते आता आठवत नाही.

माझी मुलगी यंदा हॉस्टेलला गेली. खोलीत चौघी, चार चार्जर, चार कुलपं. तिने फोनवर विचारलं, "बाबा, रूममेट्सशी जमवून कसं घ्यायचं?" मी म्हणालो, "कपडे एकत्र धुवा." तिने लगेच "आई कुठे आहे?" असं विचारलं, त्यावरून ती आता हा प्रश्न आईला विचारणार हे माझ्या लक्षात आलं. म्हणून पुढची गोष्ट तिला सांगितली नाही. ती इथे सांगतो.

आमच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी व्हायची. घ्यायचे आमचे रेक्टर. ते आम्हा पोरांनाही 'आपण' म्हणायचे आणि व्याकरणाच्या पुस्तकातून नुकतेच बाहेर आल्यासारखे बोलायचे. वहीतून मान वर न काढता ते नंबर पुकारत, त्यामुळे कुणी घरी गेलेला असला की खोलीतला दुसरा त्याच्या वतीने "हजर" म्हणे. ही हजेरीची सावड. शोध सावड्याचाच.

दुसऱ्या वर्षी जुलैत त्याच्या वडिलांचा पाय मोडला. शेतात चिखलणी झालेली, रोपं तयार, आणि घरात धडधाकट एकटी आई. गावच्या सावडीत याचं माणूस नाही, तर याच्या शेतावर येणार कोण? तो आणि आई, दोघांना बारा दिवसांचं काम होतं. आणि नियम असा की आठ दिवसांवर विनापरवाना गैरहजर राहिलं, की खाट दुसऱ्याला. सलग बारा दिवस उसन्या 'हजर'वर भागलं नसतं. आमची खाट गेली असती तर आम्ही तिघं कुठेतरी भाड्याने राहिलो असतो. त्याची गेली असती तर कॉलेजच गेलं असतं. तो ट्रंक भरत होता, रजेपुरती नव्हे, कायमची.

"तुज्या नि माज्या चादरीत फरक करून ठेव," तो मला म्हणाला. "मला माजी वळकू येत नाय."

मास्तरने तेवढ्यात कधी नव्हे तो हिशोब केला. दोघांना बारा दिवस, तर चौघं आणि आई मिळून पाचांना पाच दिवस. आठाच्या आत परत! शेट म्हणाला, "आणि हजेरीला 'हजर' म्हणायला आपण आहोतच." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. खोलीला माझंच जुनं कुलूप लावलं आणि चौघंही पहिल्या एसटीने निघालो.

मी त्यापूर्वी भात फक्त ताटात पाहिला होता. माझी ओळ ओढ्यासारखी वळणं घेत गेली. त्याची आई लांबून ओरडायची, "अरे वाशिंदकर, कुठं चाललास रे? बांध इकडं हाय!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुडघाभर चिखलात, हातात रोपांच्या मुठी घेऊन आम्ही ओणवे असताना सावड्या अचानक ताठ उभा राहिला.

"आज हजेरी कोन देतंय रे?"

एकेक करून आम्ही चौघंही ताठ उभे राहिलो.

पाचही दिवस पुरे केले, कारण आता लवकर जाऊन काही वाचणार नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी रेक्टरांच्या ऑफिसात चौघं ओळीने उभे होतो. सर म्हणाले, सलग चार नंबर पुकारले आणि सलग चार वेळा शांतता ऐकली. मग त्यांनी वही चाळली. आजवर सात नंबरच्या खोलीतून चारही 'हजर' बऱ्याचदा एकाच आवाजात येत होते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. खोट्या हजेरीला आठ दिवसांची सवलत नव्हती. चारही खाटा रद्द, असं टाइप केलेलं पत्र टेबलावर पडलं होतं. सही तेवढी बाकी होती.

"सर, चूक माजी," सावड्या म्हणाला. "शेत माजं व्हतं. माजी खाट काढा, यांच्या ठेवा."

शेट म्हणाला, "मग माझीही काढा." मास्तर म्हणाला, "माझीही." मी काहीतरी म्हणालो, पण ते फक्त मलाच ऐकू आलं.

"आपल्या भावना समजू शकतो," सर म्हणाले. "परंतु नियम हा नियम असतो." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सरांचं शेत तालुक्यातच, दहा-बारा कोसांवर होतं, हे सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होतं. आम्ही जायच्या आधीपासून ते ऑफिसातल्या फोनवर मजुरांच्या मिनतवाऱ्या करत होते, हेही ठाऊक होतं. भिंत पातळ होती. पण ते बोलायची हिंमत कुणाची? सावड्या टेबलाखाली सरांच्या पायांकडे बघत होता. नखांत एक कणही चिखल नव्हता.

"सर," तो म्हणाला, "तुमची आवणी झाली का?"

आमच्याकडे लावणीला आवणी म्हणतात. मी डोळे मिटून घेतले.

"विषयांतर नको," सर म्हणाले. पेन कागदावर टेकलं, तिथेच थांबलं, आणि एक निळा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. मग त्यांनी टोपण परत लावलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. "आपण जाऊ शकता."

आम्ही दारापर्यंत पोचलो होतो. मागून जो आवाज आला तो आधी मला दुसऱ्याच कुणाचा वाटला, कारण त्यात व्याकरण अजिबात नव्हतं.

"अरे, माजी रोपं पिवली पडाय लागलीत रे, तुमी चौघं कवा येता?"