मानपत्राचे मोर

लाकूड खोटे चालवून घेत नाही. कागदावर माणूस खोडाखोड करू शकतो, बोलण्यात सारवासारव करू शकतो. पण लाकडावर करवत फिरली की जे झाले ते झाले. तिथे मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही आपल्या चुकीसमोर उभे राहावे लागते. हे विचार माझे नव्हेत, माझ्या यजमानांचे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवत, आणि ऐकवताना ज्या स्टुलावर बसत ते मुळात भिंतीवरचे फडताळ व्हायचे होते.

हे महायुद्ध सुरू होण्याआधीची काही वर्षे. आम्ही नंदुरबारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. यजमान तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. नोकरी हंगामी होती. एप्रिलअखेर ती संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची; लागेलच असे मात्र कोणी सांगत नसे. त्यामुळे दर उन्हाळ्यात आमची भांडी पोत्यात बांधून ठेवलेली असत आणि लागतील तशी आम्ही ती एकेक काढत असू. कायम होणे ही आमच्या घरातली एकमेव मोठी इच्छा होती. बाकीच्या इच्छा तिच्यामागे रांगेत उभ्या होत्या.

करवतीचे यंत्र एका बदलून गेलेल्या स्टेशनमास्तरांनी जाताना देऊन टाकले होते. दिसायला शिवणाच्या यंत्रासारखे, पायाने चालवायचे. सुईच्या जागी दोऱ्याएवढे बारीक करवतीचे पाते, खालीवर होणारे. त्याचा आवाज ऐकून सुरुवातीला गल्लीतल्या एकदोघी चोळ्यांचे कापड घेऊन आल्या होत्या. फळीवर चित्र काढायचे, गिरमिटाने भोक पाडायचे, पाते त्यातून ओवायचे आणि नको तो भाग कापून काढायचा. उरते ती जाळी. सांगायला काम एवढेच आहे. अडचण अशी की हवा तो भाग आणि नको तो भाग यांच्यामध्ये पेन्सिलीची एक रेघ असते, आणि पाय चालत असताना यजमानांचे डोके बहुधा पुढच्या वस्तूच्या विचारात असे.

यंत्राबरोबर नमुन्यांचे एक विलायती पुस्तक आले होते. त्यात विलायती घरांना लागणाऱ्या वस्तू होत्या. पाइप ठेवण्याची घोडी झाली. आमच्याकडे पाइप ओढणारे कोणी नसल्याने तिच्यात पळ्या आणि डाव उभे राहिले. टोस्ट उभे करण्याची घोडी झाली. तिच्यात मी पापड लावत असे. टोपी अडकवायची खुंटी अर्धी तुटली आणि तिची साबणाची वडी ठेवायची फळी झाली. पुढेपुढे आमच्या घरात अशी एकही लाकडी वस्तू नव्हती, जी आधी दुसरी काही होणार नव्हती. यजमानांना याचे वाईट वाटत नसे. चूक झाली की ते पाणी पिऊन येत, थोडा वेळ फळीकडे बघत, आणि मग असे बोलू लागत की जणू पहिल्यापासून त्यांच्या मनात हेच होते. असा स्वभाव पुढाऱ्यांना शोभतो. शाळामास्तरात तो मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या वर्षी शाळेला शिक्षणखात्याचे एक मोठे साहेब भेट देणार असे ठरले आणि त्यांना मानपत्र द्यायचेही ठरले. त्या काळी आमच्याकडे कोणी मोठे माणूस गाडीतून उतरून पुढच्या गाडीपर्यंत थांबले तरी त्याला मानपत्र मिळे. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष वकील होते. कोर्टात त्यांना बोलायला फारसे मिळत नसे. ती कसर ते शाळेत भरून काढत. त्यांनी यजमानांना बोलावून सांगितले, “मास्तर, चौकट तुम्ही करायची. वर दोन मयूर, समोरासमोर, आणि मध्ये ज्ञानदीप. मयूर म्हणजे साक्षात शारदेचं वाहन. लाकूड मी देतो. आमच्या आजोबांच्या कपाटाचं दार आहे, अस्सल धडगावचा साग. असं लाकूड आता पैसे टाकून मिळत नाही.”

“छान होईल,” यजमान म्हणाले.

“साहेबांच्या हाती एकदा तुमचं काम पडू द्या. मग तुमचं कायमचं काय करायचं ते मी बघतो.”

यजमान ते दार खांद्यावर घेऊन घरी आले. शब्द मिळाला होता आणि दार एकच होते. बिघडले तर दुसरे दार मागायला जाणे म्हणजे काय झाले ते सांगणे होते, आणि आजोबांचे लाकूड बिघडवणाऱ्याला कोण कायम करणार?

काम पडवीत सुरू झाले. मोर समोरासमोर हवेत म्हणून दारातून दोन सारख्या फळ्या काढल्या. त्या एकावर एक ठेवून कोपऱ्यांत बारीक खिळे मारले. अशा जोडफळीवर एकदाच करवत फिरवली की दोन्ही मोर एकदम निघतात. मग एक उलटा करून लावायचा. या पद्धतीत वेळ वाचतो. शिवाय चूक झाली तर दोन्हीकडे अगदी सारखी होते, आणि सारखी झालेली गोष्ट लोकांना चूक वाटत नाही, नक्षी वाटते. यजमानांचा या पद्धतीवर मोठा विश्वास होता.

तुरा दुसऱ्याच दिवशी गेला. पाते वळणात अडकले, कट् असा आवाज आला, आणि दोन्ही मोरांचे तुरे भुशात पडले. आमच्या घरमालकीण मावशी अंगणात उभ्याच होत्या.

“काय वं मास्तरीण, मास्तर आज काय तोडी ऱ्हायनात?”

“मोर करताहेत, मावशी.”

त्यांनी वाकून पाहिले. “हाऊ मोर शे? माले ते कोंबडी दिखस.”

यजमान पाणी पिऊन आले. फळीकडे बघत बसले. मग म्हणाले, “पोपट करू.”

“अध्यक्षांनी मोर सांगितलेत,” मी म्हटले.

“पोपटही विद्येचाच पक्षी आहे. बोलतो.”

“पाठ केलेलं बोलतो.”

“मग शाळेला चालायला हरकत नाही.”

मोराचा पोपट होताना पिसारा कमी करावा लागला. दोन दिवस त्यात गेले. शेपटी झाली, पंखाची रेघ झाली, डोळ्याचे भोक अगदी बेताचे पडले. मीही मनातून कबूल केले की पोपट बरे आहेत. चोच तेवढी राहिली होती.

माघाचे दिवस होते, आणि त्या दिवसांत आमच्या गावात मिरचीपासून सुटका नसे. बाजारात ढीग, छतांवर ढीग, गावाबाहेर तर मैदानेच्या मैदाने लाल. मावशींनी त्याच सकाळी अंगणात उखळ मांडून वर्षाचे तिखट कांडायला घेतले. यजमानांनी पडवीतून नम्रपणे विनंती केली, “मावशी, आजचा दिवस उखळ मागच्या बाजूला नेता आलं तर...”

मावशींचा हात थांबला नाही. “मांगे म्हैस शे. तिले शिंकवर शिंका येतीन.”

“चोचीचं काम आहे. नाजूक आहे.”

“मास्तर, करवत तुम्हनी, नाक बी तुम्हनं. मिरच्या तेवढ्या मन्ह्या. ज्यानं त्यानं आपलं सांभाळा.”

यजमानांनी नाकाला पंचा बांधला आणि कामाला बसले. मी स्वयंपाकघरात होते. शिंक ऐकू आली, आणि तिच्यापाठोपाठ यंत्र थांबल्याचेही ऐकू आले. बाहेर आले तर पोपटांच्या तोंडाचा पुढचा भाग, चोचीसकट, यजमानांच्या मांडीवर पडला होता. जोडफळी असल्याने दोन्हींचा.

या वेळी ते पाणी प्यायला उठले नाहीत. पंचा नाकावरून खाली ओढून मांडीवरचे तुकडे उचलून बाजूला ठेवले. कार्यक्रम तीन-चार दिवसांवर आला होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना एखाद्या चुकीपुढे हरलेले पाहिले नव्हते, आणि मला ते आवडले नाही.

“सरसाने चिकटवता येईल का?” मी विचारले.

“सांधा दिसेल. अध्यक्ष चष्मा लावून बघतील.”

“मग बिनचोचीचा पक्षी कोणता?”

“असा पक्षी नसतो.”

मला पोळ्या लाटायच्या होत्या आणि तवा तापत होता. मी वैतागून म्हटले, “मग मुंडकंच काढून टाका त्याचं. चोचीचा प्रश्नच नको.”

मी हे सुचवले नव्हते, टाकून बोलले होते. पण यजमान फळीकडे पाहू लागले. त्यांनी हाताच्या तळव्याने पोपटाचे डोके झाकले. मग तळवा बाजूला केला. मग पुन्हा झाकला. डोके नसलेला, पोट फुगीर असलेला, शेपटीचे टोक वळलेला पोपट म्हणजे काय ते मी अंगावर रोज नेसत होते. माझ्या लुगड्याच्या पदरावर ओळीने तेच होते.

“कोयरी,” ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले.

दुपारपर्यंत दोन कोयऱ्या तयार झाल्या. पोटावर राहिलेल्या पंखाच्या रेघेशी त्यांनी पाच पाकळ्यांचे फूल कापले, त्यामुळे तीही मुद्दाम केल्यासारखी दिसू लागली. मध्ये ज्ञानदीप बसवून, काचकागदाने घासून, पॉलिश देऊन चौकट उभी केली तेव्हा ती खरोखर सुरेख होती. तिच्यात मोर नव्हते एवढेच.

“अध्यक्षांना आधी सांगून टाका,” मी म्हटले. “ऐनवेळी फडकं काढल्यावर कळलं तर कायमचं विसरायचं.”

त्यांनाही ते पटले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी चौकट रेशमी फडक्यात गुंडाळून ते अध्यक्षांच्या घरी गेले. बराच उशीर लावून आले.

“सांगितलंत?”

“ऐकलं.”

अध्यक्ष भाषणाची तालीम करत होते. कोणीतरी ऐकणारे हवेच होते, म्हणून त्यांनी यजमानांना खुर्ची दिली. भाषणात मोर तीनदा येत होते. सुरुवातीला शारदेचे वाहन म्हणून, मध्ये विद्यार्थ्यांच्या गुणांचा पिसारा म्हणून, आणि शेवटी साहेबांच्या रूपाने मेघ दाटून आल्यामुळे शाळारूपी मोर नाचू लागतो असे होते. भाषण संपल्यावर अध्यक्षांनी विचारले, “कसं वाटलं?” यजमान म्हणाले, “फार छान.” फडके सोडायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. आम्हा बायकांना एका बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसवले होते; तिथून स्टेज तिरपे पण स्वच्छ दिसत होते. यजमान भिंतीला टेकून शिक्षकांच्या शेवटी उभे होते. पोरांनी स्वागतपर पद्य म्हटले. हेडमास्तरांनी मानपत्र वाचले. ते इतके लांब होते की साहेबांच्या गळ्यातल्या हारातली दोन फुले मधेच गळून पडली. मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी चौकटीवरचे फडके ओढले.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी चौकटीकडे पाहिले. मग हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर मोर होते. वकील माणूस, कागद आणि वस्तू यांच्यात फरक पडला तर कोणाच्या बाजूने जायचे ते त्यांना ठाऊक होते.

“या काष्ठावर कोरलेले हे दोन मयूर,” त्यांनी हात करून सांगितले, “जणू आताच केकारव करतील.”

पुढच्या रांगेतल्या मंडळींनी माना डोलावल्या. एकाने शेजाऱ्याला बोटाने दाखवलेदेखील, त्यातला डावा मोर. पिसारा आला, मेघ आला, शाळारूपी मोर नाचला. साहेबांनी चष्मा पुसला, चौकट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि उत्तरात म्हणाले की मोर आपण पुष्कळ पाहिले, पण इतका साधेपणा कुठल्या मोरात पाहिला नाही. टाळ्या पडल्या. यजमानही टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत असताना दुसरे काय करणार?

संध्याकाळी मावशी तिखटाची भरलेली बरणी आत नेताना ओट्याशी थांबल्या. त्यांचा भाचा कार्यक्रमाला होता.

“मोर भलता भारी व्हतात म्हने.”

“तुम्ही तर पाहिलेत की, मावशी.”

“मी कोयऱ्या देख्यात. मोर साहेबनी देख्यात.” बरणी कमरेवर सावरत त्या म्हणाल्या. “आते तुम्हनी खोली कायम का?”

ते आम्हालाही विचारायचे होते, पण कोणाला विचारावे हे कळत नव्हते. मार्च गेला. एप्रिलमध्ये मी पोते झटकून वाळत घातले. अध्यक्ष रस्त्यात भेटले की यजमानांना थांबवून साहेबांनी मोरांची तारीफ कशी केली ते सांगत, आणि पुढे जात. एकदा तर त्यांनी असेही सांगितले की साहेबांनी चौकट धुळ्याच्या घरी दिवाणखान्यात लावली असून येणाऱ्याजाणाऱ्यांना ते मोर दाखवतात. खरे की खोटे, देव जाणे. यजमान परत येऊन यंत्रावर बसत आणि चहाच्या खोक्याच्या फळीतून काहीतरी कापत राहत. काय कापता असे मी विचारले नाही. झाल्यावर कळणारच होते.

शाळा बंद व्हायच्या आदल्या दिवशी मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष शब्दाला जागले. कलेची अशी सेवा करणारा शिक्षक शाळेने हातचा घालवू नये, असे त्यांनी सुमारे तासभर सांगितले, आणि ते सर्वानुमते मान्य झाले. यजमान कायम झाले. मी पोत्याची घडी घालून माळ्यावर टाकली.

शाळेत कायमची रिकामी जागा एकच होती, कसरतीच्या मास्तरांची. ते सुरतेला गिरणीत लागले होते. जूनपासून यजमान मलखांब शिकवू लागले.