चतुराबाई आधी वर बघायची

बाई अडलेल्या घरात पाऊल टाकलं की कुठलीही सुईण आधी बाईकडे बघते. चतुराबाई आधी वर बघायची. छताच्या तुळया बघायची, छत पेलणाऱ्या लाकडी मेढींवर मूठ आपटून कान लावायची, दार किती पावलांवर आहे ते मोजायची, आणि हे सगळं झाल्यावर कळा सोसणाऱ्या बाईला विचारायची, "हं, कव्हापासून दुखून राह्यलं?" पिंपळगाव रेणुकाईपासून कोसभरावरच्या त्या खेड्यात यावरून तिची रग्गड थट्टा व्हायची. पोर पोटातून येणार हाय, छतातून न्हाई, असं बाया तिला ऐकवायच्या. चतुराबाई हसायची नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिचा ब्रह्मराक्षस घराच्या छतात राहत होता.

पण ही भीती काही तिनं हवेतून आणलेली नव्हती. ती चार वर्षांची असताना भादव्यात सहा दिवस झड लागली आणि सातव्या दिवशी त्यांचं घर बसलं. आई भिंतीच्या कडेला निजली होती, ती दगडमातीखाली गेली. चतुरा मधल्या मेढीच्या बुडाशी झोपलेली. भिंती पडल्या, पण ती मेढ आणि तिच्यावरची तुळई जागची हलली नाही, आणि तेवढ्या सांदीत पोर वाचली. लोकांनी तिला उकरून काढलं तेव्हा तोंड मातीनं गच्च भरलं होतं. कुणीतरी बोट घालून माती काढली, तेव्हा कुठं ती रडली. ते बोट कुणाचं हे तिला कधी कळलं नाही. मातीची चव मात्र जिभेवरून गेली नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. गावातली घरं सगळी धाब्याची. लाकडी मेढी, मेढींवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. छताचं वजन मेढींवर, दगडमातीच्या भिंती बाजूनं. पाणी गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नव्या मातीची भर घालायची. जुनी काढायची असते, हे कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे आजा जायचा, बाप जायचा, त्यांनी टाकलेली माती मात्र छतावर राहायची. रामरावाच्या घरावर तर कंबरभर थर होता आणि त्याला त्याचाच अभिमान. चैतात सारं गाव भाजून निघतं तेव्हा माझ्या घरात घोंगडी लागती, असं तो चारचौघांत सांगायचा.

"दादा, जुनी माती खाली काढा," चतुराबाई त्याला दरसाल म्हणायची. "डोक्यावर वावर घेऊन झोपून राह्यले तुम्ही."

"तू बाळं काढ, बाई. मातीचं आम्ही बघू," रामराव म्हणायचा, आणि पुन्हा दहा टोपल्या वर चढवायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. रामराव जमीनदार होता, शहाणा असायची त्याला गरज नव्हती.

मग एका चैत्रात, भर दुपारी, भुई हलली. हंड्यातलं पाणी हिंदकळलं, बैलांनी दावी ताणली, मारुतीच्या देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली. मेलं कुणी नाही. पण बऱ्याच भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. शेषानं कूस बदलली, आता तो दुसरी बदलणार, असं म्हातारे म्हणाले आणि गाव खळ्यावर राहायला गेलं. चतुराबाई तर खळ्याच्याही पार टोकाला, एकट्या निंबाखाली जाऊन बसली. मिठाचं मडकं घरात राहिलं होतं. दोन दिवस तिनं भाकरीशी अळणी कोरड्यास खाल्लं, पण त्या दारातून आत गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामरावाची बायको द्वारकाबाई धापा टाकत आली. तिची लेक नंदाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मध्यरात्रीपासून कळा येत होत्या.

"हितंच आणा तिला," चतुराबाई म्हणाली. "चार लुगडी बांधून आडोसा करू."

"उघड्यावर? सारे बाप्ये खळ्यावर, वारं सुटलेलं. न्हाई बाई. घरी नेलं मी तिला. जल्दी चला."

नाही म्हणावं, कंबर धरली म्हणावं, पिंपळगावच्या सुईणीला बोलवा म्हणावं, असं सगळं चतुराबाईच्या मनात येऊन गेलं. पण पिंपळगावची सुईण येईपर्यंत पोरगी आणि पोर दोन्ही हातची गेली असती. तिनं देवीचं नाव घेतलं आणि ती निघाली.

रामरावाच्या घरात तिनं वर बघितलं आणि बघतच राहिली. कंबरभर माती पेलून तुळया मधोमध वाकल्या होत्या. द्वारकाबाईनं मागच्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकली होती. घरातली सगळी बाळंतपणं तिथंच झालेली. पण मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती.

"तिथं न्हाई," चतुराबाई म्हणाली. "मधल्या खणात. या मेढीपाशी."

"अवं बाई, पण आमच्याकडं..."

"द्वारकाबाई, माझी माय भिंतीकडं निजली व्हती."

द्वारकाबाईनं बाज तिथंच सोडली आणि लेकीला मेढीपाशी आणलं. चतुराबाईनं मडक्यांची उतरंड बाहेर काढायला लावली, फळीवरचे पितळी डबे खाली घेतले, शिंकं सोडलं, मुसळ आडवं टाकलं. वरून डोक्यात पडेल असं काही ठेवलं नाही. फक्त छत ठेवलं, कारण ते तिला काढता येत नव्हतं. मग नंदाबाईची पाठ मेढीला टेकवून तिला बसवलं आणि स्वतः समोर बसली. दार सात पावलांवर होतं. तिनं मोजलं होतं.

दिवस कासराभर वर आला तेव्हा बाळाचं डोकं दिसायला लागलं. आणि तेव्हाच बाहेर कुत्री एकदम गप्प झाली.

आधी आवाज आला, दगडी वाटेवरून भरल्या गाड्यांची रांग धावत यावी तसा, पण पायाखालून. मग फळ्यांतून बारीक माती गळायला लागली. द्वारकाबाई "आई गं" म्हणत दाराकडे पळाली. चतुराबाईही उठली. तिनं नंदाकडे बघितलंसुद्धा नाही. चार वर्षांची होऊन ती दाराकडे निघाली होती, सात पावलं, फक्त सात.

नंदानं तिचं मनगट धरलं.

चतुराबाईनं हात ओढला. सुटला नाही. पुन्हा ओढला, जीव खाऊन. घर डावीकडे कललं, उजवीकडे कललं, तुळया करकरल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत दारावरची भिंत दगडी माथ्यासकट उंबऱ्यात कोसळली. द्वारकाबाई बाहेर किंचाळली. मागची भिंत अंगणात पडली आणि अंधाऱ्या खोलीचं सगळं धाबं त्या रिकाम्या बाजेवर बसलं. धूळ एवढी उठली की समोरची नंदा दिसेना. चतुराबाई गुडघ्यांवर पडली, मेढीला आणि पोरीला एकदमच कवेत घेतलं आणि डोकं खाली घातलं. आता ही मेढपण जाणार, आता ही मेढपण, एवढंच तिला वाटत होतं. जिभेवर तीच चव होती.

मेढ हलली नाही. तुळई वाकली, पण उतरली नाही.

"मावशी, आलं," नंदा म्हणाली.

चतुराबाईच्या डोळ्यांत माती होती, तरी तिनं दोन्ही हात पुढे केले आणि बाळ झेललं. मुलगी होती. रडेना. धूळ नाकातोंडात गेली होती. चतुराबाईनं करंगळी पदराला पुसली, त्या चिमण्या तोंडात घातली आणि मातीचा लगदा बाहेर काढला. एकदा, दोनदा. मग पोर रडली, आणि तिच्यासोबत चतुराबाईही मोठ्यानं रडली.

उंबरा मोकळा करून त्यांना बाहेर काढायला तासभर गेला. द्वारकाबाईचा हात मोडला होता, पण ती वाचली होती. रामराव शिडी लावून वर चढला आणि फावड्यानं माती खाली ढकलायला लागला, आज्याची, बापाची आणि स्वतःची. त्या हंगामात गावातल्या एकूणएक छतावरची जुनी माती खाली आली. आणि थट्टा करणाऱ्या बाया आता म्हणायला लागल्या, चतुराबाईसारखी छाती पाहिजे. घर पडून राह्यलं व्हतं, पण तिनं पोरीला सोडलं न्हाई.

हे ऐकलं की चतुराबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मनगटावर बोटांचे चार निळे वळ होते, ते ती पदराखाली झाकायची. ती थांबली नव्हती, तिला धरून ठेवलं होतं. रामरावानं दिलेलं नवं लुगडं तिनं घडीसुद्धा न मोडता ठेवून दिलं.

सव्वा महिन्यानं नंदा सासरी निघाली. गाडी जुंपत होते, तेव्हा चतुराबाई तिच्याजवळ गेली.

"नंदा, मी पळून राह्यले व्हते. तू हात धरला म्हणून. न्हाईतर मी गेल्ते."

"ठावं हाय मला," नंदा म्हणाली. "दोनदा हिसका दिला तुम्ही."

चतुराबाईनं पदर मनगटावर ओढला.

"आन मंग, दार पडायच्या आधीच, मोठी कळ आली," नंदा पोरीला खांद्यावर थोपटत म्हणाली. "तवा मी दोन्ही हातांनी मेढ धरली, मावशी. तुमचा हात सोडला मी. तुम्ही मोकळ्याच व्हत्या."

"न्हाई. धरला व्हता तू."

"मंग हिला झेललं कुठल्या हातानं?"

चतुराबाईनं आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले. गाडी शिवेपार गेली तरी ती तिथंच उभी होती.

त्यानंतर तिनं कितीतरी बाळंतपणं केली. प्रत्येक घरात भीती तशीच यायची, आणि ती आधी वरच बघायची, मेढी ठोकायची, उतरंडी बाहेर काढायला लावायची. दार किती पावलांवर आहे ते मोजायचं मात्र तिनं सोडलं.