शनिवारचं पाणी

माझा थोरला भाऊ खोटं बोलत नाही. हे गावात कुणीही सांगेल. मीही सांगतो, पण माझ्या तोंडून ते आता कौतुक म्हणून निघत नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि कर्नल होऊन परतला. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, बाराच्या ठोक्याला. माझी बायको पावणेबारालाच ताट पुसून ठेवायची. दोन घास पोटात गेले की त्याचा एक ठरलेला किस्सा असायचा. जनरल पाहणीला येणार म्हटलं की तो आणि बाकीचे तरुण अधिकारी वाटेवरच्या दगडांना चुना फासत आणि वाळक्या गवतावर हिरवा रंग मारत. बायकोनं हे शंभरदा ऐकलं होतं, तरी पोट धरून हसायची.

"भावोजी, तुमचा जनरल आंधळा होता का हो?"

"नाही," तो म्हणायचा, "पण तो सांगून यायचा."

मग लोकांनी त्याला नगराध्यक्ष केलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं दोन नियम केले. एक, नगराध्यक्ष नातेवाइकांच्या घरी पाऊल टाकणार नाही, उगाच कुणाला बोट दाखवायला जागा नको. दोन, दर शनिवारी सकाळी सातला गावाची पाहणी, आणि पाहणीचा रस्ता गुरुवारीच फळ्यावर. अचानक का जात नाहीस, असं मी विचारलं होतं. म्हणाला, "चोरपावलांनी जायला ते काय शत्रू आहेत? मी माझ्या माणसांवर कधी पाळत ठेवली नाही." हे बोलताना त्याची मान ताठ होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

रविवारचं ताट बंद झालं. कितीतरी रविवार पावणेबाराला बायकोची नजर घड्याळाकडे जायची.

आमची गल्ली गावाच्या उताराला, अगदी खाली. गेल्या वर्षी घरांकडे येणारा पाइप गटाराखाली सडला आणि नळाला पिवळं, वास मारणारं पाणी यायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र नगरपालिकेचा टँकर यायचा. कोपऱ्यावरची सार्वजनिक टाकी घासूनपुसून भरली जायची, रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा पडायच्या. शनिवारी माझा भाऊ त्या टाकीच्या नळाखाली ग्लास धरायचा, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायचा आणि वहीत सही करायचा. कुणी म्हणालं, साहेब, घरातलं बघा, की उत्तर ठरलेलं, "लेखी द्या." लेखी दिलं की ते पाणीखात्याच्या इंजिनियरकडे जायचं आणि तो लिहायचा, पाहणी केली, दोष आढळला नाही. खाली त्याची सही, त्याखाली माझ्या भावाची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

प्यायचं पाणी बायको उकळायची. पण भांडी, भाज्या, चूळ, माणूस काय काय उकळणार? शेवटी म्हणाली, "तुम्हीच जा. भावोजी तुमचं ऐकतील."

बाटली भरून मी त्याच्या कचेरीत गेलो. टेबलावर ठेवली. त्यानं हातही लावला नाही.

"भाऊ म्हणून आलास की नागरिक म्हणून?"

"तहानलेला म्हणून आलोय, दादा."

"नमुना सीलबंद नाही. कुठून भरला, कुणी भरला, मला काय माहीत? मी स्वतः दर शनिवारी तुमच्या गल्लीतलं पाणी पितो."

"एकदा बुधवारी ये. घरात ये."

"नियम माझ्या भावासाठी मोडू?"

बाटली घेऊन परत आलो. बायकोनं माझा चेहरा बघितला आणि पातेलं गॅसवर चढवलं.

महिन्याभरात तिला कावीळ झाली. दवाखान्यात तो दोनदा आला, भेटीच्या वेळेत. तिनं त्याला पाण्याबद्दल शब्दानं विचारलं नाही. "मी घरी आले की रविवारी या," एवढंच म्हणाली. अकराव्या दिवशी ती गेली.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "उद्या साडेनऊला भेटायला येतो." कचेरीच्या फळ्यावरही त्यानं ते लावलं असणार, कारण त्याच संध्याकाळी टँकर आला. माझ्या दारापर्यंत चुन्याच्या रेघा पडल्या. माझी बायको मेली होती आणि दारात पाहणीची तयारी चालली होती. तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

साडेनऊला तो आला. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात बसला. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, ग्लास भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं ग्लासातल्या पिवळ्या पाण्याकडे बघितलं. मग उघड्या दारातून त्याला बाहेरची पांढरी रेघ दिसली.

"चुना कधी टाकला?"

"काल. तुझा फोन आल्यावर."

"आणि हे?"

"हे रोजचं. शनिवारचंसुद्धा. तू आत आला नाहीस."

त्यानं ग्लास उचलला. मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, पी. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, ग्लास विसळून पालथा घातला आणि निघून गेला.

त्याला काही झालं नाही. साधं पोटसुद्धा बिघडलं नाही.

पंधरवड्यात पाइप बदलला. इंजिनियर घरी बसला. गुरुवारी फळ्यावर लागणारा पाहणीचा कागदही गेला. कोपऱ्यावरच्या टाकीला माझ्या बायकोचं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, नाव घातलंस तर हातोड्यानं फोडीन.

आता तो न सांगता येतो, कधी मंगळवारी, कधी भर दुपारी. सरळ स्वयंपाकघरात जातो, नळ सोडतो, ग्लास उजेडात धरून बघतो. पाणी स्वच्छ असतं. मग तो दारात थोडा वेळ घुटमळतो.

मी त्याला बस म्हणत नाही.